आधी जुनं कुलूप

"पण बी, नियम करणाऱ्याची चूक कशी? चूक मोडणाऱ्याची असते."

जैतूनबीनं मान वर केली नाही. ती कुलपांना तेल घालत होती.

टेकडीवरच्या त्या पीराच्या दर्ग्याला लोखंडी जाळी आहे, आणि जाळीला कुलपंच कुलपं. माणसं येतात, नवस बोलतात, कुलूप लावतात, किल्ली घरी नेतात. काम झालं की परत येऊन ते उघडायचं, अशी रीत. पुष्कळजण परत येत नाहीत. ज्यांचं काम झालं ते तर हमखास येत नाहीत. तरी म्हातारी बी वाटीत तेल घेऊन बसते, कोंबडीचं पीस बुडवते आणि एकेका भोकात थेंब सोडते.

भास्कर सोनटक्के तिच्याजवळ पायरीवर बसला होता. दमला होता. चढण काही फार नाही, पण गेले कित्येक दिवस त्याला जिना चढला तरी दम लागत होता, आणि बसून राहिला तरी लागत होता.

त्याच्या पिशवीत नवंकोरं कुलूप होतं. दुकानातलं सगळ्यात जाड. त्याला नवस बोलायचा होता, की खुर्ची राहू दे.

बीनं आल्याआल्याच त्याला अडवलं होतं. एका घराचं एक कुलूप. तुझ्या आईचं अजून लटकतंय. ते आधी उघड, मग तुझं लाव.

किल्ली त्याच्या खिशात होती. निघताना बायकोनं हातात कोंबली होती, सासूबाईंची आहे, एवढंच म्हणून.

"उघडतो," तो म्हणाला. "पण आधी मला सांगा, माझं काय चुकलं?"

"सांग तूच."

मग त्यानं सांगितलं. शिकलेली माणसं सांगतात तसं, सुरुवातीपासून आणि स्वतःच्या बाजूनं.

गावातल्या धर्मादाय रुग्णालयात तो डेटाबेसचा मुख्य. रोग्यांची, औषधांची, रक्ताच्या पिशव्यांची सगळी माहिती त्यात. कुणी आत यायचं, कुणी नाही, हे त्याच्या हातात. लोक पासवर्ड कसले ठेवायचे, तर लेकराचं नाव, नाहीतर एक दोन तीन चार. एकाचा सगळ्यांना माहीत. त्यानं एका दिवसात शिस्त लावली. सगळ्यांना बंद पाकिटातून नवा पासवर्ड दिला, आणि अट घातली की पहिल्यांदा आत येताना तो बदलायचा, त्याशिवाय प्रवेश नाही. तीनदा चुकलं की खातं बंद.

"चांगलं केलंस," बी म्हणाली.

त्याला बरं वाटलं. तो पुढं बोलला.

त्याच आठवड्यात एक बाळंतीण आली. रक्त थांबेना. रक्तपेढीत तेलंगेबाई होत्या, जुन्या, केस पिकलेल्या. पिशवी फ्रिजमध्ये, बाळंतिणीच्या रक्ताशी जुळवून ठेवलेली. पण कॉम्प्युटरवर नोंद झाल्याशिवाय पिशवी बाहेर द्यायची नाही, असा कायदा. बाईंनी पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं आलं. परत टाकला. परत तेच. तिसऱ्यांदा टाकला आणि खातं बंद झालं. दारात बाळंतिणीचा भाऊ उभा होता, नुसता हात पुढं करून. बाईंनी फ्रिज उघडला आणि नोंद न करता पिशवी त्याच्या हातात दिली.

बाळंतीण वाचली. बाईंना घरी बसवलं.

चौकशी समितीनं भास्करला विचारलं, खातं बंद का झालं. त्यानं लेखी दिलं, की कर्मचाऱ्यानं चुकीचा पासवर्ड टाकला म्हणून. उद्या समिती बसणार. बाईंची नोकरी जाणार किंवा भास्करची खुर्ची हलणार, दोन्ही एकदम टिकायची नाहीत.

एवढं सांगून त्यानं बीकडं बघितलं.

एक गोष्ट त्यानं सांगितली नाही. लेखी दिल्यावर त्यानं स्वतः बसून तपासलं होतं. बाईंचा पासवर्ड अक्षरन् अक्षर बरोबर होता. डेटाबेस म्हणत होता, आधी बदल, मग आत ये. आणि रक्तपेढीच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड बदलायची जागाच नव्हती. त्याला 'आधी बदल' म्हणता येईना, म्हणून ते आपलं 'चुकीचा आहे' म्हणत होतं. अट घालण्याआधी भास्करनं एकदा रक्तपेढीत जाऊन खुर्चीवर बसून बघितलं असतं, तर कळलं असतं. तो गेला नव्हता.

दुरुस्ती थोड्या वेळाची. पण दुरुस्ती केली की चूक कुठं होती ते उघड. म्हणून तिथली खाती अजून बंदच होती. रक्तपेढी कागदावर चालली होती, आणि तेलंगेबाई घरी भाजी निवडत बसल्या होत्या.

बीनं पीस वाटीच्या काठावर निपटलं.

"चल. कुलूप उघड."

ती त्याला जाळीच्या टोकाला घेऊन गेली. हात न लावता, नुसत्या नजरेनं तिनं दाखवलं. लहानसं पितळी कुलूप, काळं पडलेलं. कडीला लुगड्याच्या काठाची चिंधी. रंग उडाला होता, तरी भास्करला तो काठ ओळखू आला.

त्याची आई गयाबाई. त्याच रुग्णालयात आया. जन्मभर उभी. फरशी पुसताना वाकलेली, नाहीतर कुणाच्या तरी टेबलापुढं उभी.

"काय मागितलं होतं तिनं, ठाऊक आहे?" बीनं विचारलं.

"पोराला खुर्ची मिळू दे म्हणून." घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मिळाली?"

"मिळाली."

"मग इतकी वर्षं कुठं होतास?"

खुर्चीत होता, दुसरं काय.

त्यानं किल्ली घातली आणि फिरवली. हलली नाही.

काढून, पालथी करून घातली. जोर लावला. बोटाला वळ उठला.

शर्टाला पुसून तिसऱ्यांदा घातली. फिरवली... नाही.

त्यानं हात काढून घेतला आणि मागं सरला. सवयच तशी.

"का थांबलास?"

"तीनदा झालं, बी."

"मग?"

"मग... बंद."

बीनं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ. ती हसेल असं त्याला वाटलं, पण ती हसली नाही. तीही दमलेली होती. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या कुलपांपाशी काढलेली बाई.

"लाव की अजून," ती म्हणाली. "ते कुठं रागावलंय?"

...

खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला. भास्कर तसाच उभा राहिला.

मग पुढं झाला. किल्ली सावकाश घातली. ती पूर्ण आत जात होती, आणि तिथंच चुकत होतं. आई घरच्या पेटीला किल्ली लावताना ती केसभर मागं ओढायची, मग फिरवायची. लहानपणी त्यानं हजारदा बघितलं होतं.

त्यानं केसभर मागं ओढली.

कुलूप उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही, इतकं तेल होतं आत. तेलाचा ओघळ त्याच्या मनगटापर्यंत आला.

तो खाली बसला. कुलूप तळहातावर, चिंधी बोटांत.

बी पुढच्या कुलपाकडं वळली होती. थेंब सोडता सोडता तिनं विचारलं, जसं काही मिठाचा भाव विचारावा.

"त्या बाईची किल्ली चुकीची होती?"

...

"नाही."

"मग?"

"बरोबर होती." त्यानं कुलूप मुठीत धरलं. "बरोबर होती, बी. तिन्ही वेळा."

बी अरेरे म्हणाली नाही, शाबासही म्हणाली नाही. अशा वेळी बोलणारी माणसं पुष्कळ भेटतात, गप्प बसणारं एखादंच.

त्यानं तेलकट हातानं फोन काढला. हाताखालच्या कल्याणीला लावला. 'आधी बदला' ही अट उचल म्हणाला. ज्याला त्याला न बदलता चालेल असा वेगळा नवा पासवर्ड दे, आणि बंद पडलेली खाती उघड. कल्याणीनं विचारलं असणार, की सर, समितीच्या आधी?

"हो. आजच," तो म्हणाला. "रक्तपेढीत स्वतः जा. त्यांच्या कॉम्प्युटरवर बसून बघ आत जाता येतं का. नियम नंतर नीट लावू, तिथं जागा करून. आणि ऐक... तेलंगेबाईंचं पहिलं उघड."

पलीकडून ती काहीतरी बोलली.

"कळू दे," भास्कर म्हणाला. "मी दिलेलं लेखी परत घेणार आहे."

फोन ठेवला तेव्हा त्याचे खांदे उतरले होते. हलकं वगैरे काही वाटलं नाही त्याला. खरं बोलल्यावर लगेच हलकं वाटतं, असं सांगणाऱ्यांना फार मोठं खोटं बोलायची वेळ आलेली नसते. त्याला नुसती झोप आली होती.

त्यानं आईचं कुलूप रीतीप्रमाणे चौथऱ्यावर ठेवलं. चिंधी सोडवून खिशात घातली. मग पिशवीतून नवं कुलूप काढलं. उन्हात ते चकाकलं. बी टेकून बसली होती, वाटी मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले.

"आता ती खुर्ची काही राहत नाही, बी."

बीनं मान हलवली. नाही राहत.

तो जाळीतली मोकळी जागा बघत उभा राहिला. आईच्या कुलपाएवढा स्वच्छ ठिपका होता लोखंडावर, बाकी सगळा गंज. त्यानं नवं कुलूप त्या जागेशी नेलं.

"रीत पाळली मी. जुनं उघडलं." त्याचा आवाज पोरासारखा झाला. "आता हे लावू?"

...

बीनं वाटी बाजूला ठेवली. पदरानं बोटं पुसली, एकेक, सावकाश.

"गयानं मिळू दे म्हटलं होतं, बेटा. राहू दे नव्हतं म्हटलं."