चारशे नोंदी, शून्य फरक

एकदा एका डोंगराळ तालुक्यात तापाची साथ आली. चारशे मुलांची वजने चिठ्ठ्यांवर लिहून आली. ती संगणकात भरायची आणि वजनाप्रमाणे औषधाच्या पुड्या बांधून गावोगाव पाठवायच्या, असे ठरले. काम होते आकड्यांत केस पांढरे केलेल्या एका वृद्ध गुरुजींकडे. रेवती आणि यास्मिन या आपल्या शिष्यांना ते म्हणाले, “प्रत्येक चिठ्ठी दोघींनी वेगवेगळी भरायची. मग संगणक दोन्ही याद्या ताडून पाहील.”

दुपारी रेवती जवळजवळ नाचतच आली. “गुरुजी, चारशे नोंदी, शून्य फरक!” पुड्या बांधून झाल्या, बाहेर जीपही सुरू झाली.

गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी धावत जाऊन जीप थांबवली आणि परत येऊन दोन्ही याद्या चक्क पुसून टाकल्या! “आता दोन खोल्यांत बसा आणि पुन्हा भरा.” रेवतीला रडूच आले. एवढे बिनचूक काम, आणि त्याचे हे बक्षीस?

या वेळी सात फरक निघाले. एका मुलीचे वजन रेवतीने अठरा किलो भरले होते, यास्मिनने आठ. चिठ्ठी पाहिली, तर चौकटीची उभी रेघ इंग्रजी आठाला चिकटलेली. रेवतीने ती एक म्हणून वाचली होती.

“सकाळी मला शंका आली होती,” यास्मिन हळूच म्हणाली, “पण हिला विचारलं. ही अठरा म्हणाली, म्हणून मीही अठराच भरलं.”

अंगणवाडीच्या ताईंना फोन लावला. “अहो, दीड वर्षाची पोर ती!” त्या ओरडल्याच. “अठरा किलो कुठली?”

दुपटीहून अधिक औषध त्या इवल्याशा जिवाच्या पोटात गेले असते!

गुरुजी शांतपणे म्हणाले, “पोरींनो, एकीची चूक दुसरीला दिसावी म्हणून दोघी बसवल्या. विचारून भरलंत, तिथे नजर एकच उरली. चारशे चिठ्ठ्या, दोन माणसं आणि एकही फरक नाही? तेव्हाच मला भीती वाटली.”

सातही चिठ्ठ्या तपासून चुकलेल्या पुड्या बदलल्या आणि जीप भरधाव निघाली. दोघींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा आला. सवयीने यास्मिनने पलीकडच्या खोलीतून हाक मारली, “रेवती, हे नऊ आहे की सात गं?”

“सांगणार नाही!” रेवती आनंदाने ओरडली. “तुझं तू बघ!”