पहिली पाटी

खारवलीच्या कोळ्यांची एक रीत होती. होडी परतली की मासळीची पहिली पाटी वाळूवर वेगळी ठेवायची. दर्यात बुडालेल्यांच्या घरांचा तो वाटा.

एके दिवशी नवा किल्लेदार घोड्यावरून किनाऱ्यावर आला नि गरजला, "दर्या माझा. दर्यात आहे ते सगळं माझं! उद्यापासून पहिली पाटी किल्ल्यावर आली पाहिजे."

कोळी माना खाली घालून उभे राहिले. म्हातारी माणकूबाय तेवढी पुढे झाली.

"सरकार, दर्यात हाय ते सगलं तुमचं?"

"एकदा सांगितलं ना!"

"मग माझा घरधनी आन् दोन लेक नऊ वर्सं तुमच्याकडंच हायेत. तेवढे परत द्या. पाटी मी सोता डोक्यावर घेऊन येते."

किल्लेदाराने एकदा पाण्याकडे पाहिलं आणि घोडा वळवला. पाटी होती तिथेच राहिली.