मागची फट

फार मागे हिरड्याच्या ढोलीत मधमाश्यांचं एक घर होतं. दाराशी पहाऱ्यावरच्या माश्या प्रत्येकीला थांबवून तिचा वास घेत आणि घरचाच वास असेल तर आत सोडत. ढोलीला मागून एक फट होती. तिथं सोनकीचा पहारा असे.

सोनकीनं तोंडानं भरवून वाढवलेली कारवी वादळात वाट चुकली होती. ती कधी परत आली आणि पावसानं अंगावरचा घरचा वास धुऊन गेला असला, तर दारावरच्या तिला हाकलून देतील. आपण जरा जास्तच काळजी करतो हे सोनकीला कळत होतं, पण कळून काय उपयोग? तिनं फटीशी वास घेणंच सोडून दिलं. पंखांची चाहूल लागली की ती बाजूला सरे आणि म्हणे, "ये गं बाई, जेवली नसशील."

एके सकाळी ती अशीच सरली आणि गांधीलमाश्या आत शिरल्या. मध गेला, पाळण्यातली पिल्लं गेली. राणीनं घर सोडायचं ठरवलं.

"आजी, तिला कुणी अडवू नये एवढंच मनात होतं हो," सोनकी दारावरच्या म्हातारीला म्हणाली.

"कळतंय गं. पण ती आपली होती. अडवलं असतं तर रुसली असती, दोन शब्द बोलली असती, पण दारातच थांबली असती."

थवा उडाला. सोनकी सगळ्यांच्या मागे रेंगाळली. कारवी आज ना उद्या येईल, फटीतून आत शिरेल, आणि तू कोण म्हणून विचारायलाही तिथं कुणी नसेल.