शैलाताईंचा ‘या’

आमच्या समोर तळमजल्यावर शैलाताई हर्डीकर राहतात. यजमान गेल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी एक नवलाचा उद्योग काढला. एकट्या माणसाला घरातून निघताना ‘येतो’ म्हणायला कोणी नसतं, नुसतं कुलूप लावायचं आणि चालायला लागायचं. अशांनी ताईंच्या खिडकीशी थांबून ‘येतो’ म्हणायचं. ताई म्हणणार, ‘या, सावकाश.’ त्याची महिन्याची फी. मला आधी हसू आलं, पण सकाळी खिडकीशी रांग लागायला लागली.

एक दिवस सोसायटीचे चेअरमन गुप्तेसाहेब तावातावाने त्यांच्याकडे आले. मी लगेच कोथिंबीर घेऊन दारात निवडायला बसले. साहेबही एकटेच, बायको कॅनडात मुलाकडे.

“बाई, राहत्या जागेत धंदा चालणार नाही. आणि कसला तर ‘या’ म्हणायचा. कवडीची किंमत नाही त्या शब्दाला. बंद करा.”

“केला. आत्तापासून बंद,” शैलाताई म्हणाल्या.

साहेब खूश झाले. चपला घालून सवयीने म्हणाले, “बरं, येतो.”

ताई गप्प.

साहेब घुटमळले. “येतो म्हटलं मी.”

“ऐकलं.”

“अहो, मग काहीतरी म्हणा की. असं कसं निघायचं माणसानं?”

“कवडीची किंमत नसलेल्या शब्दासाठी अडलात होय, साहेब?”

साहेबांचा पाय काही उचलेना. आपणच ‘या’ म्हणावं असं मला वाटलं, पण जीभ आवरली. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, “चालू ठेवा तुमचं. माझंही नाव घाला त्यात.”

“या, सावकाश,” ताई म्हणाल्या. “आणि परत आलात की खिडकीशी सांगून वर जा. त्याचे पैसे नाही घेत मी.”