दिव्यावर काळी पट्टी

जयसिंगपुरात वत्सला लोहार टायरचं दुकान चालवायची. एकदा माजी सभापती इंगवले गाडीला चकचकीत अलॉय चाकं बसवून घेऊन गेले आणि तासाभरात तणतणत परतले. स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा पेटला होता.

"काय बसवलंस हे? गाडी बिघडवलीस माझी!"

"बिघाड नाही, साहेब. हवेचा दाब कळवणारे सेन्सर जुन्या चाकांतच राहिलेत. मी तेव्हाच सांगत होते, पण तुम्हाला घाई होती. गाडी अजून त्यांच्या निरोपाची वाट बघतेय."

इंगवले चारचौघांत मोठ्यानं हसले. "यंत्र कसली वाट बघतंय! दिव्यावर काळी पट्टी चिकटव, विषय संपला."

"चिकटवते की," वत्सला म्हणाली. "तुमच्या फोनवरही एक लावू का? आल्यापासून सात वेळा बघितलात. वाट बघणं तरी संपेल."

इंगवल्यांचं हसू मावळलं. आज त्यांची साठी होती. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तीन वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेल्या मुलीचा फोन आला नव्हता.

"जुने सेन्सर यात बसव," ते हळू आवाजात म्हणाले. मग बाजूला जाऊन त्यांनी स्वतःच नंबर लावला. पलीकडून "बाबा?" असं ऐकू आलं.