लाभ, दोन, तीन

"आणि तीन महिन्यांत परत यावं लागलं तर?"

"नाही येणार."

"लागलं तर, म्हणतोय मी."

"तरी नाही येणार, अप्पा."

गुरुलिंगअप्पा हसले. त्यांच्या आणि महानंदाच्या मधे ज्वारीनं भरलेला पत्र्याचा डबा होता. तेलाचा जुना डबा, वर झाकण बसवून घेतलेलं.

ते दोघं बसले होते त्या माळावरच्या मठात रोज दुपारी पन्नासेक माणसं जेवत. त्या अन्नछत्राची कोठी अप्पांकडं होती. त्याआधी चाळीस वर्षं ते आडत बाजारात मापारी होते. दुसऱ्यांचं धान्य मापून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी कधी कुणाला मंत्र दिला नाही, कुणाला शिष्य म्हटलं नाही. तरी लोक अडलं की त्यांच्याकडं येत. ते ऐकून घेत, आणि बहुतेक वेळा येणाऱ्याच्या हातात चाळणी देत.

महानंदा काही विचारायला आली नव्हती. डबा द्यायला आली होती.

तिचं वय एकतीस. आई जाऊन चार महिने झाले होते. पतसंस्थेतली नोकरी सोडून ती उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला चालली होती. तिकडं एका गोदामाच्या ऑफिसात हिशोबाचं काम मिळालं होतं. ती आणि आई राहायच्या ते भाड्याचं घर आज संध्याकाळपर्यंत रिकामं करायचं होतं. डबा तेवढा राहिला होता.

"सकाळी मन्मथ येऊन गेला," अप्पा म्हणाले.

मन्मथ म्हणजे तिचा थोरला भाऊ.

"वाटलंच मला. काय म्हणाला दादा?"

"म्हणाला, तिला समजवा. आईच्या दवाखान्यात तिची सगळी बचत गेली. उरलेत चौदा हजार. तेवढ्यात पुण्यात महिना निघत नाही. माझ्या घरी राहावं, पोरांचा अभ्यास घ्यावा आणि उदगीरच्या स्थळाला हो म्हणावं." अप्पांनी कोनाड्याकडं बोट दाखवलं. "नारळ ठेवून गेलाय."

"मग समजवा की. नाहीतर नारळ फुकट जायचा."

"तू काय म्हणालीस त्याला?"

"नाही म्हणाले. घराला नाही आणि उदगीरलाही नाही. दोन लेकरांचा बाप आहे तो. त्याला बायको नकोय अप्पा, भाकरी थापणारी हवीय. आणि दादाला फुकटची मास्तरीण."

"असं तोंडावर म्हणालीस?"

"तोंडावरच. वहिनीसमोर."

"बरं..." अप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "'नाही' म्हणायला काय लागतं गं?"

"जीभ," महानंदा म्हणाली. "दुसरं काय?"

अप्पांनी मान हलवली. बरोबर म्हणाले नाहीत, चूकही म्हणाले नाहीत.

"मी उगाच उठून निघालेली नाही," ती म्हणाली. पिशवीतून तिनं शंभर पानी वही काढून त्यांच्यापुढं धरली. "बघा."

डाव्या पानावर जमा होती, उजव्या पानावर खर्च. अक्षर छापल्यासारखं. अप्पांनी चष्मा चढवला आणि उजवं पान मोठ्यानं वाचायला घेतलं.

"खाटेचं भाडं, आठ हजार... खाटेचं?"

"एका खोलीत चौघीजणी. खोली परवडत नाही. खाट परवडते."

"अनामत सोळा हजार. खाणावळ चार. बसचा पास दीड. गादी, बादली, किरकोळ, तीन. गाडीभाडं आणि सामान, दीड."

"चौतीस हजार. पहिला पगार हातात पडेपर्यंतचे."

अप्पांनी पान उलटलं. पुढच्या पानावर पगार होता. सव्वीस हजार. खाली त्याच्या ओळीच ओळी.

"दर रविवारी डोसा?"

"हो."

"महिन्याला चार डोसे?"

"महिन्यात पाचवा रविवार आला तर त्याचीही सोय केलीय."

"चांगला असतो का तिकडचा?"

"खाल्ल्यावर कळवते."

अप्पा खूप वेळ हसले. मग बोट पानाच्या तळाशी गेलं.

"हे काय? शून्य?"

"शिल्लक. मुद्दाम शून्य आहे ती. प्रत्येक रुपयाला नाव दिलंय मी. एकही रुपया बिननावाचा नुसता बसून राहणार नाही."

"पहिल्या ओळीच्या वर जागा ठेवली नाहीस."

"वर काय लिहायचं असतं?"

अप्पांनी वही तिच्याकडं दिली आणि भिंतीला टेकवलेला पितळेचा शेर उचलला. कोठीचं मोकळं पोतं त्यांनी तोंड पसरून ठेवलं.

"मी माप घालतो. तू रेघा मार. मठाच्या वहीत चढवावं लागतं."

झाकण निघालं. वर कडुनिंबाचा पाला होता, कीड लागू नये म्हणून आईनं घातलेला. पार वाळलेला. अप्पांनी तो उचलला तेव्हा त्यांच्या बोटांत त्याचा चुरा झाला.

महानंदा वहीकडं बघत होती.

"लाभ..." अप्पा लांबवून म्हणाले, आणि शेर पोत्यात रिकामा झाला.

तिनं पेन सरसावलं.

"दोन... तीन... चार..."

बाजारात चाळीस वर्षं लावलेला तोच सूर होता. मापागणिक एक आकडा, आकड्यागणिक तिची एक रेघ. शेवटी अप्पांनी डबा उपडा केला, बुडावर थाप मारली आणि शेर भरला.

"सोळा."

"पंधरा," महानंदा म्हणाली.

"सोळा."

"पंधरा. अप्पा, आठ वर्षं पतसंस्थेत काम केलंय. माझी रेघ चुकत नाही."

"माझं मापही चुकत नाही."

तिनं रेघा परत मोजल्या. मग थांबली.

"तुम्ही 'एक' म्हणालाच नाहीत. एकदम दोनपासून सुरू केलंत."

"पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात."

"मला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणताय. लोक चोपडीवर शुभ-लाभ लिहितात, तसं."

"पहिलं माप पडलं तेव्हा तू काय करत होतीस?"

"वाट बघत होते. तुम्ही 'एक' म्हणायची."

"अन् तेवढ्यात ते पडूनही गेलं..."

अप्पांनी मठाची वही ओढली. महानंदाचं नाव लिहिलं. आकड्याच्या जागी पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"इथली एक रीत आहे," ते म्हणाले. "लाभाचं माप देणाऱ्याचं. ते परत न्यायचं."

"मला नको."

"रीत आहे."

"असू दे. न्यायचं कुठं? घराची किल्ली संध्याकाळी मालकाला देतेय. माझ्याकडं आता एक खाट आहे, तीही अजून बघितलेली नाही. खाटेवर ज्वारी ठेवू?"

"ठेव."

"अप्पा, मी हे सगळं ओतून टाकायला आलेय!"

कोठीच्या दाराशी चिमण्या होत्या. त्या उडाल्या.

"तुम्हाला ठाऊक आहे हा डबा कसला ते?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आई शाळेत खिचडी शिजवायची. घरात ज्वारी आली की पहिला शेर या डब्यात. चूल पेटायच्या आधी. आम्ही म्हणायचो, आई, भूक लागलीय, डब्यात आहे की. ती म्हणायची, त्याला आहे म्हणायचं नाही. नवी आली की जुनी काढून दळायची आणि डबा परत भरायची. गहू कधी मनासारखा खाल्ला नाही. चप्पल शिवून शिवून घातली. डोसा म्हणाल तर... एकदा लातूरला मी म्हटलं, चल खाऊ. म्हणाली, तू खा, मी बघते."

तिनं रिकाम्या डब्यावर हात ठेवला.

"तिनं नुसतं बघितलं, अप्पा. आणि गेली तेव्हा हा डबा काठोकाठ भरलेला. काय उपयोग झाला त्या लाभाचा? सांगा ना. मी तसं करणार नाही. मिळवीन तेवढं खाईन. शेवटी शून्य राहील. मला भरलेला डबा ठेवून मरायचं नाही."

पोत्यावर सांडलेले चार दाणे अप्पांनी वेचले आणि आत टाकले.

"वही दे बघू."

"बघितलीत की."

"उजवं पान बघितलं. डावं राहिलं."

तिनं वही दिली. डाव्या पानावर दोनच ओळी होत्या. अप्पांनी त्या वाचल्या.

"माझी बचत, चौदा हजार." मग बोट खाली सरकलं. "वीस हजार..." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "या विसांपुढं काही लिहिलं नाहीस. तू म्हणालीस, प्रत्येक रुपयाला नाव आहे."

महानंदानं पेनाला टोपण लावलं.

"मन्मथला हे वीस ठाऊक नाहीत."

"नाहीत."

"कुठले?"

"आईचे दिवस झाले, त्यानंतर दळण करायला म्हणून डबा उघडला," ती म्हणाली. "हात तळाला गेला तर दुधाची पिशवी लागली. दोऱ्यानं बांधलेली. बहुतेक शंभरच्याच नोटा. तिच्या पगारातली पहिली नोट असणार. दर महिन्याची. मी मोजले आणि ज्वारी परत भरून ठेवली."

अप्पांनी त्या ओळीवर अंगठा ठेवला. अंगठा धान्याच्या धुळीनं पांढरा झालेला होता. वीस हजार त्याच्याखाली झाकले गेले.

"आता कर बेरीज," ते म्हणाले.

ती वहीकडं बघत राहिली. बेरीज करायला तिला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. चौदा हजार. नुसती अनामतच सोळा.

"बोल. उद्या कुठं निघालीस?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पुण्याला?"

"...नाही."

"मग?"

मठात जेवणाची पंगत उठली असावी. लांबून पत्रावळी गोळा केल्याचा आवाज येत होता.

"दादाच्या घरी," महानंदा म्हणाली.

अप्पांनी अंगठा उचलला नाही.

"आणि तिथं बसून उदगीरला 'नाही' म्हणाली असतीस? त्याचीच भाकरी खात?"

"म्हणाले असते."

"किती दिवस?"

तिनं त्यांच्याकडं रागानं पाहिलं. डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत आणि नजरही हटवली नाही.

"पहिलं 'नाही' जिभेवर निघतं, पोरी," अप्पा म्हणाले. "दुसऱ्याला ज्वारी लागते."

त्यांनी अंगठा काढला. ओळीवर पांढरा ठसा उमटला होता. वही मिटून त्यांनी तिच्या हातात दिली.

चिमण्या परत आल्या.

मग अप्पा उठले, कोनाड्यातला नारळ काढला आणि तिच्यापुढं ठेवला.

"जाताना हा मन्मथच्या ओसरीवर ठेव. म्हणावं, अप्पांनी परत केलाय."

"त्याला राग येईल."

"येऊ दे. चाळीस वर्षं बाजारात होतो, मापासाठी कुणाचा नारळ घेतला नाही. आता काय घेऊ?"

तिला हसू आलं. ते तिनं दाबलं नाही.

महानंदानं नारळ पिशवीत टाकला. वही टाकली. उठून दारापर्यंत गेली. दारात थांबली, पाठमोरीच.

"डोसा मी खोडणार नाही, अप्पा."

"कुणी सांगितलं खोडायला? पाचवाही खा."

ती वळली. परत आली आणि पोत्याजवळ खाली बसली. पदर नव्हता, पंजाबी ड्रेसवर ओढणी होती. ती तिनं सोडून जमिनीवर पसरली. पितळेचा शेर स्वतः उचलला, पोत्यात खुपसला, काठोकाठ भरला आणि तळहातानं सपाट केला.

सपाट करताना कडुनिंबाचं एक पान वर आलं. चुरा न झालेलं, अख्खं. तिनं ते काढलं नाही.

शेर ओढणीत रिकामा झाला. तिनं चारी टोकं एकत्र केली आणि गाठ मारली. एकदा, मग परत एकदा.

"किती झालं?" अप्पांनी विचारलं.

तिनं गाठोडं मांडीवर घेतलं.

"...लाभ."

अप्पांनी मठाची वही पुढं ओढली. आकड्याची जागा अजून मोकळीच होती. तिथं त्यांनी सावकाश लिहिलं, आणि वही तिच्याकडं फिरवली.

"पंधरा," ते म्हणाले. "हिशोब तुझाच बरोबर होता."