सरदारांचा गार भात

जपानात कुरोनुमा नावाचा एक सरदार होता. विषाच्या भीतीनं त्याचं जेवण आधी सात सामुराई चाखत. एके दिवशी तो भडकला.

"तोकुबेई, रोज गार भात वाढतोस! उद्या तुझं डोकं उडवतो."

म्हातारा स्वयंपाकी तोकुबेई म्हणाला, "खुशाल उडवा, सरकार. भात चुलीवरून गरमच निघतो, सात जणांनी चाखेपर्यंत निवतो. मी तीस वर्षं आपल्या चाकरीत, तरी सात चाखणारे लागतात. उद्या नवखा स्वयंपाकी आला की चौदा लागतील. तेव्हा किती गरम भात मिळेल, ते बघा."

दुसऱ्या दिवशी सरदार स्वतःच चुलीपाशी येऊन बसला. पहिल्याच घासाला जीभ पोळली, पण त्यानं तक्रार केली नाही.